अळणी पावाचं गाव

नमस्कार, श्रोतेहो.

तिन्हीसांजेला शेजारी मीठ मागायला जायचं नाही, असं माझी आजी सांगायची. तुमच्याही घरात कुणीतरी सांगितलं असेल. दिवा लागल्यावर साखर मागा, चहापत्ती मागा, पण मीठ नको. मीठ ही साधी वस्तू नव्हे, हे आपल्याला फार लहानपणी कळलेलं असतं. आज मी तुम्हाला ज्या गावात नेणार आहे, त्या गावानं मिठावरून थेट पोपशी लढाई केली. गावाचं नाव पेरुजा.

इटलीच्या अगदी मध्यावर उंब्रिया नावाचा प्रांत आहे. इटलीला तिन्ही बाजूंनी समुद्र, पण उंब्रियाला कुठूनच समुद्र लागत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. उंब्रियाला समुद्र नाही, म्हणजे मिठागर नाही, म्हणजे चिमूटभर मीठसुद्धा बाहेरून आणायचं. या उंब्रियाची राजधानी पेरुजा. सुमारे ५०० मीटर उंचीच्या डोंगरावर वसलेलं, एकात एक अशा दोन तटबंद्यांचं शहर. आतली तटबंदी एट्रुस्कन लोकांची, म्हणजे रोमन सत्ता तिथे पोहोचण्याआधीची, दोन हजारांहून अधिक वर्षं जुनी. बाहेरची मध्ययुगातली. गाव वाढलं तसा अंगरखा उसवून मोठा करावा, तशी ही दुसरी भिंत घातलेली.

माझी भाची तिथे इटालियन शिकते. परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९२१ मध्ये सुरू झालेलं मोठं विद्यापीठ आहे पेरुजात. तिनं फोनवर धोशाच लावला होता, "मावशी, आईला घेऊन एक दिवस तरी ये." म्हणून मी आणि माझी थोरली बहीण, आमची ताई, रोमहून सकाळच्या गाडीनं निघालो. जाता जाता सांगते, आठ दिवसांत अकरा शहरं दाखवणाऱ्या सहली असतात ना, त्यांच्या वाटेला जाऊ नका. बसच्या काचेतून गाव दिसतं, भेटत नाही. एक दिवस असेल तर एकच गाव धरा आणि चपलांऐवजी चांगले बूट घाला. पेरुजात सपाट रस्ता शोधावा लागतो.

स्टेशनवरून बसनं पार्तिजानी चौकात आलो. तिथून वर शहरात जायला सरकते जिने आहेत, १९८३ पासूनचे. मला वाटलं, मॉलमध्ये असतात तसेच असतील. पण दोन-तीन जिने चढलो आणि समोर उजेड येण्याऐवजी अंधार आला. आम्ही जमिनीखालच्या एका गल्लीत उभ्या होतो. गल्लीच म्हणते मी. दोन्ही बाजूंना घरांच्या विटांच्या भिंती, दारांच्या कमानी, वर खिडक्यांच्या चौकटी, आणि आभाळाच्या जागी विटांचं छत. भिंतीला हात लावला तर गार आणि किंचित ओल. एका दाराचा उंबरा मधोमध झिजलेला होता. कुणाच्या तरी पायांनी झिजलेला. ताई तिथेच थांबली आणि म्हणाली, "अगं, इथं माणसं राहत होती."

राहतच होती. हा बाल्योनींचा, म्हणजे पेरुजावर सत्ता गाजवणाऱ्या घराण्याचा मोहल्ला. तो जमिनीखाली कसा गेला, तीच आजची गोष्ट. पण ती मी सांगण्यापेक्षा एका भटारणीनं आम्हाला जशी सांगितली, तशी ऐका.

आधी थोडं वर येऊ. जिने जिथे संपतात तिथून कोर्सो वानुच्ची हा मुख्य रस्ता सुरू होतो. राफाएलचे गुरू, चित्रकार पिएत्रो वानुच्ची, ज्यांना जग पेरुजिनो म्हणतं, त्यांचं नाव या रस्त्याला आहे. रस्ता संपतो तिथे चौक, चौकात फोंताना माज्जोरे हे कारंजं, आणि पलीकडे सान लोरेंझोचं कॅथेड्रल. कारंजं निकोला पिसानो आणि त्यांचा मुलगा जोव्हान्नी या बापलेकांनी १२७८ मध्ये पुरं केलं. लांबच्या डोंगरावरून नळ टाकून पाणी आणलं आणि त्या पाण्याला असा दागिना केला. खालच्या कुंडाच्या कडेनं बारा महिने कोरले आहेत आणि प्रत्येक महिन्याला त्याचं त्याचं काम. कापणी आहे, मळणी आहे, डिसेंबरात डुकराची कत्तल आहे. ताई शेतकऱ्याच्या घरातली. तिला इटालियनचं अक्षर येत नाही, पण मळणीचा महिना तिनं लांबूनच ओळखला.

आता मुख्य गोष्ट.

दुपारचा एक वाजला होता. भाचीनं कोपऱ्यावरच्या भट्टीतून मोठा गोल पाव आणला. जाड, करकरीत, थोडं करपलेलं कवच, आत पांढरा, जाळीदार. पेरुजाची सगळी तरुण पोरं कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर बसतात, तशा आम्हीही बसलो. ताईनं तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि चावायची थांबली. "मीठ विसरलाय गं हा भटारी." मी खाल्लं. खरंच अळणी. कमी मीठ नव्हे श्रोतेहो, मीठच नाही.

भाची म्हणाली, "आई, इथला पाव असाच असतो." पण ताईनं ऐकलंच नाही. तिचं म्हणणं, कुणाच्या हातून चूक झाली असेल तर त्याला सांगावं, नाहीतर दिवसभराचा सगळा माल तसाच जाईल बिचाऱ्याचा. तिनं पाव कागदात गुंडाळला आणि निघाली. मागे मी, माझ्यामागे भाची.

भट्टीत गल्ल्यावर सत्तरीची एक बाई होत्या. हाताला कोपरापर्यंत पीठ. ताईनं पाव समोर ठेवला आणि सरळ मराठीत म्हणाली, "बाई, यात मीठ राहिलंय." भाचीनं अवघडून त्याचं इटालियन केलं. मला वाटलं, आता वाद होणार. पण बाईंनी हात पुसले, ताईकडे नीट पाहिलं आणि एकच शब्द म्हणाल्या, "शापो." भाचीनं सांगितलं, शापो म्हणजे अळणी. मग त्यांनी पाव आडवा धरून एक काप काढला, भट्टीच्या तोंडाशी भाजला, त्यावर लसणाची पाकळी घासली, हिरवट ऑलिव्ह तेलाची धार सोडली आणि वर चिमटीनं मीठ भुरभुरलं. ते ताईच्या हातात दिलं. ताई खात होती तेवढ्यात त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि भाची वाक्यावाक्याला मराठी करू लागली.

"१५४० साली," त्या म्हणाल्या. हे साल पुन्हा सांगते, १५४०. "१५४० साली त्या पोपनं मीठ महाग केलं." त्या पोपनं, अशा म्हणाल्या त्या, कालपरवा दारावरून गेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं. तो पोप म्हणजे पॉल तिसरा. तेव्हा पेरुजा पोपच्या राज्यात होतं आणि मिठाचा मक्ता पोपकडे होता. शहराला समुद्र नाही, हे तुमच्या लक्षात आहेच. मीठ घ्यायचं तर त्याच्याकडूनच. शहर म्हणालं, हा वाढीव दर आम्ही देणार नाही. पोपनं सैन्य पाठवलं. मग पेरुजाच्या लोकांनी काय केलं, तर कॅथेड्रलच्या दारावर येशूचा क्रूस उभारला आणि शहराच्या किल्ल्या त्याच्या पायाशी ठेवल्या. आमचा राजा हा, तुम्ही नव्हे. हे सांगताना बाईंनी दाराबाहेर बोट दाखवलं. तो क्रूस आजही कॅथेड्रलच्या दारावर आहे. आम्ही त्याच्याच खाली बसून पाव खाल्ला होता, आणि मान वर करून पाहिलं नव्हतं.

शहर हरलं. पोपनं बाल्योनींचा अख्खा मोहल्ला, घरं, बुरूज, देवळं, सगळं छाटलं आणि उरलेल्या गल्ल्यांवर छत घालून वर प्रचंड किल्ला चढवला. रोक्का पाओलिना. त्याच्या स्वतःच्या नावाचा किल्ला, शहराच्या उरावर. शत्रू बाहेरून येऊ नये म्हणून नव्हे, तर आतल्यांनी पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून. बांधणारे स्थपती अंतोनियो दा सांगाल्लो. त्यांनी एक चांगलं केलं, पोर्ता मार्झिया ही एट्रुस्कनांची वेस वाया जाऊ दिली नाही, किल्ल्याच्या भिंतीत बसवून सांभाळली.

"आणि तेव्हापासून," बाई म्हणाल्या, "आम्ही पावात मीठ घालत नाही. पोपचं मीठ नको."

अभ्यासक म्हणतात, अळणी पावाची रीत त्याआधीचीही असेल, मध्य इटलीत इतरत्रही ती आहे. असेल. पण बाईंचा आवाज ऐकला असता तर तुम्हीही त्यांच्याच बाजूला उभे राहिला असता. मिठावरच्या करासाठी आपल्याकडे १९३० मध्ये शिरोड्याला माणसांनी लाठ्या खाल्ल्या. मीठ कुणाचं, हा प्रश्न आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

गोष्ट इथे संपली नाही. बाईंनी भाचीला विचारलं, "तुमच्याकडचा पाव कसा? सिन्योरा पिठात मीठ किती घालतात?" ताई सांगायला लागली. ज्वारीचं पीठ घ्यायचं, उकळतं पाणी घालायचं, तळहातानं रगडून मळायचं. बोलता बोलता तिनं हात परातीत असल्यासारखे पुढे केले. आणि मग, आणि मग म्हणत ती गप्पच झाली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, भाकरीत आपण मीठ कुठं घालतो?"

बार्शीला पन्नास वर्षं ताईनं रोज भाकरी थापली. अळणी. तिला ती कधी अळणी लागली नाही, कारण शेजारी ठेचा असतो, कालवण असतं, चटणी असते. मीठ त्यात असतं. त्या भट्टीतल्या फळीवर खारवलेल्या मांसाच्या तंगड्या टांगल्या होत्या, खारट मेंढीचं चीज होतं. इथेही मीठ तिकडे होतं, पावात नव्हतं.

ताईनं पिशवीतून डबा काढला. स्टीलचा, झाकणावर 'मामा-मामींकडून सप्रेम भेट, बार्शी' असं कोरलेला, तिच्या लग्नातला. आत शेंगदाण्याची चटणी. प्रवासाला निघताना चटणी घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये, हे माझं ठाम मत आहे. परदेशात चार दिवसांनी तिची किंमत कळते. ताईनं पावाच्या कापावर तेल सोडलं, वर चटणी दाबली आणि बाईंना दिली. त्यांनी डोळे मिटून खाल्ली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरा काप त्यांनी स्वतः कापला. निघताना ताईनं डबा तिथेच ठेवला आणि बाईंनी आमच्या हातात अर्धा पाव कोंबला. पैसे घेतले नाहीत.

उरलेला दिवस भराभर सांगते. पोपचा तो किल्ला पेरुजाच्या लोकांनी १८४८ मध्ये फोडायला घेतला आणि १८६० मध्ये पोपची सत्ता गेल्यावर कुदळीनं पाडला. वरचा किल्ला गेला म्हणून खालची गल्ली आज आपल्याला दिसते. दुपारी एट्रुस्कनांची विहीर पाहिली, तळ दिसेना इतकी खोल. नंतर जुन्या नळाच्या पाठीवरून चालत गेलो. कारंज्यासाठी जी पाण्याची वाट बांधली होती, तिच्यावरून आता पायवाट आहे, घरांच्या खिडक्यांना लागून.

संध्याकाळी पोर्ता सोलेच्या उंचवट्यावर थांबलो. तिथून उत्तरेचे डोंगर दिसतात. त्या बाजूला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, दुसऱ्या महायुद्धात, १० जुलै १९४४ रोजी, नाईक यशवंत घाडगे पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, वय अवघं बावीस. तुकडीतले सगळे जवान मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे त्या मशीनगनवर धावून गेले आणि ती बंद पाडली. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार, मिळाला. मोंतोने नावाच्या तिथल्या तटबंदीच्या गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलंय. उंब्रियाला जाणाऱ्या मराठी माणसानं तिथे जायलाच हवं. आम्हाला वेळ पुरला नाही, याची मला फार चुटपुट आहे.

शेवटी पायऱ्या उतरून एट्रुस्कन वेशीखाली आलो. भाचीच्या विद्यापीठाच्या समोरच आहे ती. चुन्याशिवाय रचलेले दगड, ताईच्या कमरेएवढे मोठे. आपल्याकडे रस्ता रुंद करायचा म्हणून किती गावांच्या वेशी पाडल्या, ते आठवून मला वाईट वाटलं. इथे वेशीखालून आजही गाड्या जातात, वेस जागेवर आहे. तिथल्याच कठड्यावर बसून आम्ही तो अर्धा पाव संपवला, नुसताच, कशाशीही नाही.

भाची अजून त्या भट्टीतूनच पाव आणते. परवा तिनं फोनवर सांगितलं, ताईचा डबा गल्ल्याशेजारी फळीवर असतो. चटणी केव्हाच संपली. आता बाई त्यात मीठ ठेवतात.

नमस्कार.