संध्याकाळ एक, मनोरे दोन

(दृश्य : सुमिदा नदी, पुलावरून जाणारी लोकल, मागे स्कायट्री. ऊन अजून उतरलेलं नाही.)

टोक्योतली शेवटची संध्याकाळ. दिवसभर चालून पाय भरून आलेत, आणि चढायला मनोरे दोन. नदीच्या या अंगाला, ओशिआगेला, ६३४ मीटरचा स्कायट्री. तिथून सरळ रेषेत साधारण आठ किलोमीटरवर, नैऋत्येला, शिबा उद्यानाशेजारी ३३३ मीटरचा टोक्यो टॉवर. दोन्ही बघता येतील, नाही असं नाही. पण सूर्य मावळताना तुम्ही कुठल्यातरी एकाच काचेशी उभे असणार. ती काच कुठली?

बरेच जण उंचीचे आकडे बघतात आणि मोकळे होतात. जवळजवळ दुप्पट उंच, म्हणजे दुप्पट दिसणार.

गफलत इथेच होते. एक तर मनोऱ्याच्या टोकावर कुणी उभं राहत नाही. टोक्यो टॉवरचा मुख्य डेक आहे १५० मीटरवर, वरचा २५० वर. स्कायट्रीचे डेक ३५० आणि ४५० मीटरवर. दुसरं म्हणजे क्षितिज उंचीच्या हिशोबात लांब जात नाही, उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबात जातं. १५० मीटरवरून ते साधारण ४४ किलोमीटरवर असतं, ४५० मीटरवरून ७६. उंची तिप्पट झाली, पण क्षितिज पावणेदोन पटींच्याही आतच राहिलं. हा हिशोबही स्वच्छ हवेचा. उन्हाळ्यातल्या दमट टोक्योत लांबच्या गोष्टी पांढऱ्या धुरकटपणात विरून जातात, मग तुम्ही कितीही वर जा.

(दृश्य : टोक्यो टॉवर, खालून वर. नारिंगी आणि पांढरे पट्टे.)

मुळात हे दोन्ही मनोरे आपल्यासाठी बांधलेलेच नाहीत. ते बांधले टीव्हीसाठी. १९५०च्या दशकात जपानमध्ये टीव्ही वाहिन्या सुरू झाल्या आणि सगळ्यांना मिळून एक उंच अँटेना हवी होती. आराखडा केला नाइतो ताचू यांनी. नागोया, ओसाका आणि सप्पोरो इथले मनोरे त्यांनीच आखलेले, त्यामुळे हात सरावलेला होता. २३ डिसेंबर १९५८ ला टॉवर खुला झाला. पॅरिसच्या आयफेल टॉवरमध्ये सुमारे ७३०० टन लोखंड आहे. त्याच्यापेक्षा किंचित उंच असलेला हा मनोरा जेमतेम ४००० टनांत उभा राहिला. तेवढं पोलाद मिळवणंही सोपं नव्हतं. वरच्या भागातलं काही पोलाद कोरियाच्या युद्धात निकामी झालेले अमेरिकन रणगाडे वितळवून मिळवलेलं आहे. रंगाचं म्हणाल, तर तो नारिंगी-पांढरा थाट हौसेचा नाही. विमानांना लांबून दिसावा म्हणून कायद्यानेच तो लावायला लावला.

मग शहर वाढलं. दोनशे मीटरच्या वर जाणाऱ्या इमारती उठल्या आणि टीव्हीच्या लहरी अडायला लागल्या. म्हणून नवा मनोरा, २२ मे २०१२ ला खुला झालेला. ६३४ हा आकडाही मुद्दाम निवडलाय. सहा, तीन, चार यांचा जपानी उच्चार जोडला की होतं मुसाशी, म्हणजे या प्रदेशाचं जुनं नाव.

ज्या इमारतींनी लहरी अडवल्या, त्याच आज टोक्यो टॉवरवरून नजरही अडवतात. पश्चिमेला तर आझाबुदाईची नवी इमारत उभी आहे, जवळपास टॉवरच्याच उंचीची. तिकडून सूर्यास्त बघायचा बेत असेल तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

(दृश्य : स्कायट्रीची लिफ्ट. दार बंद होतं.)

स्कायट्रीच्या लिफ्ट चार आहेत, चार ऋतूंच्या सजावटीच्या. कुठला ऋतू वाट्याला येईल ते तुमचं नशीब. साधारण पन्नास सेकंदांत ३५० मीटर. कानाला दडे बसतात, आवंढा गिळेपर्यंत दार उघडतं.

आणि समोर शहर नसतं, नकाशा असतो. रस्ते रेघा होतात, नदी पट्टी होते, रेल्वे खेळण्यातली. माणूस तर दिसतच नाही. लोक काचेला नाक लावून आपलं हॉटेल शोधतात, सापडत नाही, मग फोन काढतात. पहिल्या पाच मिनिटांत सगळा शहारा उतरतो आणि पुढे करायचं काय, हा प्रश्न पडतो.

त्यावर उपाय याच डेकवर ठेवलेला आहे आणि पुष्कळ लोक त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. सहा घड्यांचा एक चित्रपडदा. कुवागाता केइसाई या चित्रकाराने १८०९ साली काढलेल्या एदो शहराच्या चित्राची ही प्रतिकृती. मूळ पडदा त्सुयामा शहरात जपून ठेवलाय. एदो म्हणजे टोक्योचं जुनं नाव. चित्र बघताना वाटतं, हा माणूस नक्की इथेच, याच उंचीवर उभा राहिला असणार. खाली सुमिदा नदी, तिच्यावर पूल, पलीकडे दाटीवाटीची घरं, मधोमध किल्ला, आणि मागे, पार मागे, फुजी. त्या काळच्या एदोत एवढी उंच जागा कुठेच नव्हती. शहर पायाखाली घातलेल्या माणसाने ते मनात वर उचललं आणि तिथून खाली बघितलं.

आधी हा पडदा नीट बघा. घाई नको. मग त्याच दिशेच्या काचेकडे वळा. नदी तिथेच आहे. किल्ल्याच्या जागी आज सम्राटाचा राजवाडा, म्हणजे इमारतींच्या करड्या गर्दीत गडद हिरवा ठिपका. हवा साथ देत असेल तर फुजीही चित्रात होता तिथेच. एवढं जुळवायला वीसेक मिनिटं सहज जातात, आणि तेवढ्या वेळात समोरच्या नकाशाचं पुन्हा शहर होतं. माझ्या हिशोबी स्कायट्रीच्या तिकिटाचा अर्धा मोबदला त्या पडद्यात आहे. ४५० मीटरची गॅलरी? गेलात तर ठीक, नाही गेलात तरी काही अडत नाही.

(दृश्य : टोक्यो टॉवरचा उघडा जिना. लोखंडी जाळी, वाऱ्याचा आवाज.)

टोक्यो टॉवरलाही लिफ्ट आहे. पण शनिवार-रविवार असेल, गुडघे बरे असतील, तर बाहेरचा जिना घ्या. सुमारे ६०० पायऱ्या, भोवती जाळी आणि जाळीतून वारा. मनोरा इथे हाताला लागतो. रिव्हेटची गोल डोकी, त्यांच्यावर थरावर थर चढलेला रंग, दोन तुळया जिथे भेटतात तिथे साचलेली धूळ. तीनेकशे पायऱ्या झाल्या की लहान मुलं आई-बापांच्या पुढे निघून जातात.

वर पोचल्यावर दिसतं ते मात्र अजून शहरच असतं. झोजोजी मंदिराचं मोठं छप्पर अगदी पायाशी. तोकुगावा घराण्यातले सहा शोगुन, म्हणजे जुने लष्करी राज्यकर्ते, त्या आवारात पुरलेले आहेत. बस कुठल्या गल्लीत वळली ते कळतं. सिग्नल सुटल्यावर रस्ता ओलांडणारी माणसं दिसतात. पावसाचे थेंब पडायला लागले तर कोपऱ्यावरच्या छत्र्या एकेक करत उघडतात, आणि तुम्ही कोरडे राहून ते बघत असता. १५० मीटर ही उंची अशी आहे की खालचं जग लहान होतं, पण अनोळखी होत नाही. डेकवर एक छोटंसं शिंतो देवघरही आहे. परीक्षेच्या आधी नमस्काराला बरी जागा.

(दृश्य : ढग. स्कायट्रीचं टोक दिसेनासं होतं.)

आता हवेचं. खाली पान हलत नसलं तरी साडेतीनशे मीटरवर वारा वेगळाच असतो. जोराचा असला की स्कायट्रीच्या लिफ्ट थांबवतात. ढग खाली उतरले तर वर जाऊन नुसता पांढरा पडदा. तिथलं तिकीट आगाऊ घेतलं तर स्वस्त, सुटीच्या दिवशी महाग. म्हणजे स्वस्तात जायचं तर हवामानावर डाव लावायचा. टोक्यो टॉवरचा मुख्य डेक त्या मानाने खिशाला हलका, आणि ढगांचं भयही कमी. खिसा अगदीच रिकामा झाला असेल तर शिंजुकूला महानगर सरकारच्या इमारतीत २०२ मीटरवर फुकट जाता येतं. पण तो आजचा विषय नाही.

डिसेंबर-जानेवारी असेल, सकाळी आकाश धुतल्यासारखं स्वच्छ असेल, तर स्कायट्री. फुजी सुमारे शंभर किलोमीटरवर आहे आणि सूर्य त्याच बाजूला मावळतो. डिसेंबरात साडेचारलाच मावळतो बरं का, तेव्हा पावणेचारला वर असायला हवं. बाकीच्या दिवसांत मी तरी टोक्यो टॉवरलाच जाईन, आणि दीडशे मीटरवरच थांबेन.

(दृश्य : अंधार. टॉवरचे नारिंगी दिवे.)

११ मार्च २०११ च्या भूकंपात हे दोन्ही मनोरे हलले. स्कायट्रीचं बांधकाम तेव्हा शेवटाला आलं होतं. त्याच्या पोटात काँक्रीटचा एक उंच खांब आहे, वरच्या भागात बाहेरच्या पोलादापासून सुटा ठेवलेला. भूकंपात खांब आणि पोलाद वेगवेगळे डोलतात आणि एकमेकांचा झोका मारतात. जुन्या पाच मजली पॅगोडांच्या मधल्या खांबाची आठवण करून देणारी ही युक्ती. मनोऱ्याला काही झालं नाही. आठवड्याने त्याने ६३४ मीटर गाठले. टोक्यो टॉवरच्या अँटेनाचं टोक मात्र वाकलं.

२०१२ साली ते दुरुस्त करताना कामगारांना अँटेनाच्या खांबाच्या आत, जमिनीपासून तीनशे मीटरच्या वर, एक जुना चेंडू सापडला. इतक्या उंच तो फेकणार कोण? अंदाज असा की १९५८ मध्ये तो खांब अजून जमिनीवर आडवा पडलेला असताना कुणाच्या तरी खेळातला चेंडू घरंगळत आत गेला, आणि मग खांबाबरोबर तोही वर चढला.