मुकुट, छत्र आणि कोपेल

(फोंड्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

मंडळी, शब्दकोश उघडला की ‘क्राउन’ म्हणजे मुकुट. पण इंग्लंडात आजही फौजदारी खटले ‘क्राउन’च्या नावानं चालतात. तिथं ‘मुकुट विरुद्ध अमुकतमुक’ म्हणून बघा, हसू येतं! कारण आपल्याकडं राजसत्ता मुकुटात बसली नाही. ती गादीवर बसली, सिंहासनावर बसली. राजा व्हायचा तो अभिषेकाच्या पाण्यानं. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवाजीमहाराज ‘छत्रपती’ झाले, म्हणजे पदवीसुद्धा छत्रावरून. मुकुट आपण दिला देवाला आणि दशावतारातल्या नटाला. नवरदेवाच्या वाट्याला बाशिंग. ज्ञानेश्वरीत अर्जुनाला पुन्हापुन्हा ‘किरीटी’ म्हटलंय, पण ते किरीट इंद्रानं दिलेलं. हस्तिनापूरच्या गादीशी त्याचा काय संबंध?

गोव्यावर मात्र १५१० पासून राज्य होतं ते पोर्तुगीज ‘कोरोआ’चं, म्हणजे मुकुटाचं. आणि त्याची कथा मोठी मौजेची आहे. १६४० साली स्पेनच्या राजाला झुगारून चौथा जुआंव पोर्तुगालच्या गादीवर आला. १६४६ साली त्यानं राजमुकुट इमॅक्युलेट कन्सेप्शनच्या सायबिणीला, म्हणजे येशूच्या आईला, मारियेला वाहिला. पणजीच्या पायऱ्यांच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ८ डिसेंबरला जिचं फेस्त भरतं, तीच ही. त्यानंतर तिथल्या राजांनी मुकुट डोक्यावर चढवला नाही. समारंभात तो शेजारी उशीवर ठेवलेला असे. म्हणजे १९१० साली लिस्बनला प्रजासत्ताक येईपर्यंत, अडीचशेहून अधिक वर्षं, आपल्या पूर्वजांनी कर भरला तो कुणाच्याच डोक्यावर नसलेल्या मुकुटाला. राजे गेले, पण गोव्यातल्या रेइश मागुशच्या इगर्जीच्या दर्शनी भिंतीवर राजचिन्हावरचा दगडी मुकुट अजून आहे.

आता मुळाकडं जाऊ. ‘क्राउन’ काय, ‘कोरोआ’ काय, दोन्ही लॅटिन ‘कोरोना’ची लेकरं, आणि ती आली ग्रीकमधून, अर्थ, वळलेली वस्तू. सोनं फार नंतरचं. आधी होती पानाफुलांची चुंबळ. रोमन सैन्यात सगळ्यांत मोठा मान गवताच्या मुकुटाचा. वेढ्यात अडकलेली फौज ज्यानं सोडवली, त्याला सुटलेले शिपाईच तो देत, त्याच रणभूमीवरचं गवत उपटून आणि वळून. मागून मिळायचा नाही.

हे वाचलं की मला आपला सांजांवच, म्हणजे संत जॉनचा सण, आठवतो. २४ जून, पाऊस लागलेला, विहिरी भरत आलेल्या. कुंपणावरची वेल तोडायची, डोक्याच्या मापानं दोन-तीन वेढे द्यायचे, टोक आत खोचायचं, मग मधेमधे पानं, फुलं, एखादं फळ. झालं कोपेल! पोर्तुगीजमध्ये ‘कापेला’चा एक अर्थ फुलांचा मुकुट असाच आहे. ते घालून पोरं विहिरीत उड्या टाकतात. रोमचा सेनापती ते बघून बुचकळ्यात पडला नसता.

ग्रीकांचा मुकुटाला आणखी एक शब्द होता, ‘स्टेफानोस’. स्टीफन हे नाव त्यातलं. १५७९ साली गोव्यात आलेल्या आणि पुढं मराठीत क्रिस्तपुराण रचणाऱ्या फादर थॉमस स्टीफन्सच्या आडनावातही मुकुट आहे. ते पुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. पोर्तुगीजांचा इस्तेव म्हणजेच स्टीफन, आणि त्याच्यावरून आपलं सांत इस्तेव, म्हणजे जुवें. नावात मुकुट असलेला गाव, पण ख्याती सात शिरांच्या भेंड्यांची. आणि ती रास्तच आहे, बाजारात भाव विचारून बघा.

बाकीचे अर्थ तुम्हाला ठाऊक असतील. हृदयाला वेढणाऱ्या रक्तवाहिन्या ‘कोरोनरी’, सूर्याभोवतीचं तेजोवलय ‘कोरोना’, आणि त्या वलयासारखा दिसतो म्हणून १९६८ साली नाव मिळालेला विषाणू. दाताच्या क्राउनला आपण सरळ ‘कॅप’ म्हणतो आणि अननसाच्या क्राउनला शेंडा. उत्तम आहे, तसंच म्हणा.

व्याख्यानाआधी एका विद्यार्थिनीनं विचारलं, जुन्या कागदांतल्या ‘कोरोआ’चं मराठी काय करू? बाई, वाक्य बघून ठरव. जमिनीची गोष्ट असेल तर ‘सरकार’ लिही, नेमणुकीची असेल तर ‘राजा’ किंवा ‘दरबार’. ‘मुकुट’ फक्त सोनाराच्या यादीत.