मडक्यात ठेवलेलं वाक्य

नमस्कार, श्रोतेहो.

संक्रांत आली की सोलापुरात एक लग्न लागतं. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, सम्मती कट्ट्यापाशी. हजारो हातांनी अक्षता पडतात, पण नवरदेव म्हणून माणूस कुणी उभा नसतो. उभा असतो नंदीध्वज, म्हणजे सिद्धेश्वर ऊर्फ संत सिद्धरामेश्वरांचा योगदंड, आणि त्याच्याशी लग्न लागतं कुंभारकन्येचं. रोज अंगणात सडा-रांगोळी करणाऱ्या मुलीनं त्यांना मनानं वरलं, त्यांनी नकार दिला, आणि शेवटी योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, ही आख्यायिका सोलापूरकरांना सांगायला नको.

जुना काळ, थोडं अद्भुत आणि गावरानातलं हळुवार प्रेम, अशी कथा लिहायची हौस अलीकडे बऱ्याच जणांना आहे. त्यांच्यासाठी आजचं बोलणं. आणि पहिलीच सूचना अशी, की ही आख्यायिका जशीच्या तशी उचलू नका. एकतर ज्यांना लोक पूजतात त्यांच्या तोंडी प्रेमाचे संवाद घालणं बरं नाही. दुसरं म्हणजे तिच्या शेवटी होम मैदानावरची आग आहे, कुंभारकन्या त्या आगीत जाते. हळुवार कथेला ती पेलत नाही. त्यापेक्षा त्याच काळातली दोन साधी माणसं घ्या. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांचे समकालीन. गावाचं नाव तेव्हा सोन्नलगी. तळं खोदायचं काम चालू आहे. एक गडी तिथं माती काढतोय आणि एक कुंभाराची पोर त्याच तळ्यातली माती न्यायला येतेय. भेट घडवायला योगायोग लागला नाही. तिला माती हवी, त्याला माती काढून टाकायची आहे.

शतक ठरलं की पहिल्यांदा स्वयंपाकघर तपासा. सगळ्यात जास्त चुका चुलीपाशी होतात. आपली शेंगाचटणी बाराव्या शतकात चालणार नाही. भुईमूगही अमेरिकेचा आणि मिरचीही. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांच्या मागोमाग, सोळाव्या शतकात आली. तेव्हा भाकरीबरोबर जवसाची किंवा तिळाची चटणी द्या आणि तिखटाला मिरी घाला. ज्वारी मात्र बिनधास्त वापरा, फक्त तिला मालदांडी म्हणू नका. ते निवड करून काढलेलं वाण विसाव्या शतकातलं. बटाटा, टोमॅटो, मका, पेरू, सीताफळ, सगळं बाद. पारावर तंबाखू मळणारा म्हातारा फार लोकांना आवडतो, पण तंबाखू विजापूरच्या दरबारात दिसते ती १६०० च्या सुमारास. नायिकेच्या केसांत झेंडू नको, तोही परदेशी. कण्हेर आहे, जाई आहे. बांधावर बाभूळ असू द्या, वेडी बाभूळ नको, गुलमोहर तर नकोच. आणि क्षितिजापर्यंत ऊस डोलत असेल तर तुमची कथा उजनी धरणानंतरची झाली, म्हणजे १९८० नंतरची.

तारीखही इंग्रजी लिहू नका. गावातला माणूस नक्षत्रावर चालतो. कथेला रब्बीचं वेळापत्रक दिलंत तर कथानक आपोआप सरळ होतं. उत्तरा-हस्तात पेरणी, तिथं ओळख. अडीच महिन्यांनी ज्वारी निसवते, म्हणजे कणसं बाहेर पडतात, तोवर दोघं चार वाक्यंसुद्धा बोललेली नसावीत. मग दाणा चिकात येतो, मग हुरडा. पेरणीपासून चार महिन्यांनी काढणी. इतकी सावकाश कथा वाचकाला रटाळ वाटेल अशी भीती असते, पण खरी अडचण वेगळीच असते. लेखकाला मधल्या दिवसांत माणसं काय करतात ते ठाऊक नसतं, म्हणून तो त्यांना चांदण्यात बसवतो. त्यांना काम द्या. आपल्याकडे ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात आणि तळहाताला फोड येतात. दुसऱ्या दिवशी तोच हात चाकावर मडकं कसं वळणार? एवढ्या एका प्रश्नात प्रसंग उभा राहतो.

रानातल्या राखणीच्या माळ्यावरचा प्रसंग सगळेच लिहितात. लिहा, पण गोफण मध्यरात्री फिरवू नका. पाखरं झोपलेली असतात. पाखरं राखायची ती उजाडताना आणि दिवस कलताना. रात्रीची राखण डुकरांसाठी आणि चोरांसाठी.

आता अद्भुताकडे येऊ. माझं ठाम मत आहे, की कथेत जादू एकच असावी, लहान असावी आणि तिची किंमत करणाऱ्यालाच मोजावी लागावी. वाळलेली विहीर मंत्रानं भरली की सोलापूरची गोष्ट तिथंच संपते. या मुलखात सगळं नाट्य पाण्याची वाट पाहण्यात आहे, तेच काढून घेतलं तर उरलं काय?

इथल्या मातीला शोभणारी जादू शब्दांची आहे. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडलच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. त्यातली ओळ ‘वाछि तो विजेया होईवा’ अशी वाचतात. जो वाचील तो विजयी होईल. नुसतं वाचल्यानं काहीतरी घडतं, अशी श्रद्धा दगडावर कोरलेली आहे आणि आपल्या कथेच्या शे-सव्वाशे वर्षं आधीची आहे. याहून चांगला आधार कुठं शोधणार?

तर नियम असा करून बघा. कुंभाराची पोर ओल्या मडक्याच्या तोंडाशी एक वाक्य बोलते. मडकं भाजलं, त्यात पाणी ठेवलं, की पहिला घोट घेणाऱ्याला ते वाक्य ऐकू येतं. एका मडक्यात एकच वाक्य. आणि किंमत? बोललेलं वाक्य तिच्या स्वतःच्या आठवणीतून पुसलं जातं. नियम पहिल्या तीन-चार पानांत, एखाद्या किरकोळ प्रसंगात दाखवून टाका. शेजारणीला ताकाचा निरोप धाडला आणि स्वतःच विसरली, एवढं पुरे. शेवटाला नवा नियम काढलात तर वाचक म्हणेल, गंडवलं.

जादू खरी वाटायची असेल तर मडकं खरं पाहिजे. म्हणून ते कसं होतं हे नीट माहीत हवं. माती वाळवून कुटायची, पाण्यात भिजवायची, गाळून घ्यायची. तिच्यात राख आणि लीद मिसळून पायानं तुडवायची. लीद भाजताना जळून जाते, बारीक छिद्रं राहतात आणि त्यातून पाणी पाझरून गार होतं. चाकावर पूर्ण मडकं उतरत नाही हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. चाकावरून येतं ते जाड बुडाचं, बसकं भांडं. ते थोडं सुकलं की आतून दगडी गोळा धरायचा, बाहेरून लाकडी थापीनं ठोकत पोट फुगवायचं आणि भिंत पातळ करायची. ठक्-ठक् हा आवाज कथेत असू द्या. दुरून ऐकणाऱ्याला ती घरी आहे हे त्यावरूनच कळेल. मग सावलीत वाळवण. घाईनं ओलं मडकं भट्टीत गेलं तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ते फुटतं.

आणखी एक दोष असतो, आणि तो या कथेसाठीच घडल्यासारखा आहे. आपल्या काळ्या मातीखालच्या थरात चुनखडीचे खडे असतात. माती गाळली नाही तर तुरीच्या डाळीएवढा खडा मडक्याच्या भिंतीत राहून जातो. भट्टीतून मडकं छान निघतं, टणटण वाजतं. पण आत त्या खड्याचा कळीचा चुना झालेला असतो. ओल लागली की तो फुगतो. काही दिवसांनी भिंतीचा पापुद्रा उडतो, खळगा पडतो आणि खळग्याच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो. खडा मोठा असेल तर चीर आरपार जाते.

म्हणजे कथेतला बिघाड आणायला दुष्ट मांत्रिक नको, सावकार नको. गड्यानं हौसेनं तिच्यासाठी तळ्याच्या खोल थरातली माती काढून दिली आणि तिनं, सणाच्या आत मडकं व्हावं म्हणून, ती गाळली नाही. दोष दोघांचा आणि दोघांच्याही मायेपोटी.

भाषेबद्दल थोडक्यात. बाराव्या शतकातली बोली लिहायला जाऊ नका, जमणार नाही आणि वाचवणार नाही. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत. तेव्हा गावात दोन्ही भाषा कानावर पडत होत्या एवढं जाणवलं म्हणजे झालं. गड्याला कन्नड घरचं आणि तिला मराठी, असं ठेवलंत तर दोघांचं कमी बोलणं आपोआप पटतं. मात्र फारसी शब्द गाळा. हवा, जमीन, बाजार हे शब्द तोंडात इतके बसलेत की लिहिताना लक्षातच येत नाही. वारा लिहा, भुई लिहा.

शेवट मात्र सुगीत करा. खळं सारवून झालंय, मधल्या खांबाभोवती, म्हणजे तिवड्याभोवती, बैल फिरताहेत, धुळीनं घसा कोरडा पडलाय. गडी तिनं दिलेल्या मडक्याकडे वळतो तर खालची भुई भिजलेली. रात्रीतून चीर गेली आहे. तळाशी ओंजळभर पाणी उरलंय. तो तेवढं पितो आणि त्याला वाक्य अर्धंच ऐकू येतं. पुढचं विचारायला तो तिच्या दारी जातो, तर तिला काहीच आठवत नाही. मग ऐकलेलं अर्धं वाक्य तो तिलाच म्हणून दाखवतो, मोडक्यातोडक्या मराठीत. ती थापी खाली ठेवते, हाताची माती पदराला पुसते आणि उरलेलं अर्धं तिथल्या तिथं नव्यानं बोलते.

नमस्कार.