आडवी बाटली आणि ऑरेगनचा लोहार

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

सुरुवातीला एक प्रश्न विचारतो. इथे बसलेल्यांपैकी किती जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला आहे? हात वर करा बघू. सहा... सात. मागच्या रांगेतल्या आजींनी दोन्ही हात वर केलेत, त्यांचं एकच मत धरतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे गावातलं किंवा वॉर्डातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर किमान २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचा अर्ज द्यायचा असतो. सह्या तपासल्या जातात आणि मग गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. आडवीला यादीतल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडली की दुकानाला कुलूप. झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीच्या निम्मी. म्हणजे जी बाई घरी भाकऱ्या थापत राहिली, तिचं मत न देताच उभ्या बाटलीला जातं. ही मेख लक्षात ठेवा. कायद्यात काय लिहिलंय यापेक्षा मोजणी कशी करायची हे कोण ठरवतं, त्यावर पुष्कळ काही अवलंबून असतं.

आता बरोबर याच गोष्टीसाठी १९०४ साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात मतदान झालं. आपापल्या भागात दारू विकू द्यायची की नाही हे तिथल्या मतदारांनी ठरवावं, असा कायदा हवा होता. फरक दोन. तिथे तेव्हा मत फक्त पुरुषांना होतं. आणि आपल्याकडे आडव्या बाटलीची सोय सरकारने नियम काढून दिली. ऑरेगनमध्ये तो कायदाच मुळी लोकांनी लिहिला, सह्या गोळा केल्या, थेट मतपत्रिकेवर नेला आणि मंजूर करून घेतला. विधिमंडळाला कोणी विचारलंही नाही.

या प्रकाराला आपल्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘उपक्रम’ म्हणतात. शब्द वाईट नाही, पण शाळेत उपक्रम म्हटलं की मला भिंतीवरचे रंगीत तक्ते आठवतात, म्हणून मी आज ‘लोकप्रस्ताव’ म्हणणार आहे. सार्वमत आणि लोकप्रस्ताव यांत गल्लत करू नका. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला, दोन पानं की फूल, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. पण तो प्रश्न संसदेने कायदा करून विचारला होता. लोकांनी फक्त उत्तर दिलं. लोकप्रस्तावात प्रश्नही लोकच लिहितात. आता ‘लोक’ म्हणजे नक्की कोण, हाच तर आजचा विषय आहे.

या कल्पनेचं माहेर स्वित्झर्लंड. १८९१ पासून तिथे ठराविक सह्या जमवून राज्यघटनेत एखादी दुरुस्ती सुचवता येते. त्याच सुमारास जे. डब्ल्यू. सुलिव्हन नावाच्या अमेरिकन पत्रकाराने स्वित्झर्लंडबद्दल एक छोटं पुस्तक लिहिलं आणि ते पोर्टलंडजवळच्या मिलवॉकी गावात लुएलिंग नावाच्या कुटुंबात पोचलं. हे लुएलिंग फळबागवाले. आज सुपरमार्केटमध्ये ‘बिंग’ चेरी मिळते ना, ती याच बागेतली. तिथल्या चिनी मुकादमाचं नाव तिला दिलंय. त्या घरात हे पुस्तक विल्यम युरेन याच्या हाती लागलं. युरेनच्या घरात लोहारकी होती, त्यानेही भात्यापाशी काम केलेलं, पुढे वकील झाला. किरकोळ अंगाचा, हळू बोलणारा माणूस. भाषणांनी सभा जिंकणाऱ्यांतला नव्हे.

त्याच्या डोक्यात ही कल्पना का घुसली, ते १८९७ सालच्या ऑरेगनकडे बघितलं की कळतं. सेनेटर तेव्हा विधिमंडळ निवडून देत असे, आणि त्या एका जागेच्या भांडणापायी खालचं सभागृह त्या वर्षी बसलंच नाही. अधिवेशनाची मुदत संपली, एकही कायदा झाला नाही. गंमत म्हणजे खुद्द युरेन तेव्हा आमदार होता आणि त्या खोळंब्यात त्याचाही हात होता! आपली मागणी पुढे रेटायला त्याने नको त्या लोकांशीही हातमिळवणी केली. त्याला संत करू नका, असं मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो. तो सुताराप्रमाणे लाकडाच्या गाठीला वळसा घालून रंधा मारणारा माणूस होता.

१८९८ मध्ये साउथ डकोटाने पहिला नंबर मारला होता, पण कायदा कागदावरच राहिला. ऑरेगनने १९०२ साली ६२,०२४ विरुद्ध ५,६६८ मतांनी घटना बदलली आणि दोन वर्षांत वापरायलाही घेतली. तिथून ही सारी पद्धतच ‘ऑरेगन सिस्टिम’ म्हणून ओळखली जाऊ लागली. ऑरेगनचं एक विधिमंडळ सेलम शहरात आहे आणि दुसरं युरेनच्या टोपीखाली, असा विनोद तेव्हा चालायचा. १९१२ मध्ये ऑरेगनच्या मतदारांपुढे एका दिवशी ३७ प्रश्न होते. सदतीस! आपण नगरसेवक निवडताना तीन-चार बटणं दाबावी लागली तर कुरकुर करतो.

त्या ३७ मध्ये एक होता बायकांच्या मताधिकाराचा. ऑरेगनच्या पुरुषांपुढे तो सहाव्यांदा येत होता, त्यातल्या शेवटच्या चार वेळा सह्यांच्या जोरावर. पाच वेळा पडला, सहाव्यांदा निघाला. अ‍ॅबिगेल स्कॉट डनिवे ही बाई चाळीस वर्षं त्यासाठी भांडत होती. मताधिकाराची घोषणा तिच्याच हस्ताक्षरात लिहिली गेली, तेव्हा ती ७८ वर्षांची होती. लोकप्रस्तावाचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. आमदार विधेयक समितीकडे पाठवून झोपवू शकतो. सह्यांचा कागद मात्र दर दोन वर्षांनी पुन्हा दारात उभा राहतो.

त्याच ऑरेगनमध्ये त्या सुमारास वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे कृषी महाविद्यालयात शिकत होते आणि लाकडाच्या गिरण्यांतल्या हिंदी मजुरांना संघटित करत होते. पुढे गदर चळवळ झाली ती याच भूमीतून. त्या मजुरांपैकी कोणाचीही सही त्या कागदांवर चालली नसती. इथून माझ्या गोष्टीचा रंग बदलतो.

कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक ही रेल्वे कंपनी म्हणजे राज्यातलं खरं सरकार. आमदार तिचे, वर्तमानपत्रं तिची, भाडं ती ठरवेल ते. लोक तिला ‘ऑक्टोपस’ म्हणत. १९१० साली हायरम जॉन्सन ‘रेल्वेला राजकारणातून हाकलतो’ म्हणत गव्हर्नर झाला आणि १० ऑक्टोबर १९११ च्या मतदानात कॅलिफोर्नियाने लोकप्रस्ताव, सार्वमत, परत बोलावण्याचा हक्क आणि स्त्रियांचा मताधिकार सगळं एका दिवसात घेतलं. कंपनीने आमदार विकत घेतले तरी सगळी जनता कशी विकत घेणार, असा हिशेब होता. हिशेब चोख होता, पण त्यात एक रकाना सुटला. सांगतो.

त्याआधी १९२०. जपानी शेतकऱ्यांनी जमिनी घेऊ नयेत असा कायदा विधिमंडळाने १९१३ मध्येच केला होता, पण त्यात पळवाटा होत्या. त्या बुजवल्या लोकांनी. सह्या जमवून प्रस्ताव आला आणि तिप्पट मतांनी मंजूर झाला. नागरिक व्हायला जे ‘अपात्र’, त्यांना शेतजमीन नाही. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूसही अपात्र ठरवला आणि पंजाबी शेतकरी याच कात्रीत सापडले. कोणी गोऱ्या ओळखीच्याच्या नावावर, कोणी इथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमीन कसत राहिला. हा कायदा पुस्तकातून काढायला ६ नोव्हेंबर १९५६ उजाडावा लागला, तेही मतदानानेच. त्याच दिवशी इम्पीरियल व्हॅलीत शेती केलेले, अमृतसरकडचे दलीपसिंग सौंद अमेरिकन काँग्रेसवर निवडून आले. त्या रद्द करणाऱ्या प्रस्तावाचा क्रमांक होता १३.

अमेरिकेत ‘प्रॉप १३’ म्हटलं तर मात्र कोणालाही १९५६ आठवत नाही. आठवतो ६ जून १९७८. तेव्हा घरांच्या किमती भडकल्या होत्या आणि घरपट्टी किमतीच्या मागोमाग चढत होती. निवृत्त माणसं पट्टीच्या बिलांनी हादरली होती. हॉवर्ड जार्विस या पंचाहत्तरीतल्या, तोंडाने तिखट गृहस्थाने पॉल गॅन यांच्या जोडीने प्रस्ताव आणला. घरपट्टी किमतीच्या १ टक्क्यापुढे नाही. किंमत धरायची १९७५ ची. दरवर्षी फार तर २ टक्के वाढवा. घर विकलं गेलं तरच नव्या किमतीने आकारा. आणि राज्याने कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं हवीत. सुमारे ६५ टक्के लोकांनी हो म्हटलं. शाळा, वाचनालयं, अग्निशमन यांना पोसणारी घरपट्टी एका रात्रीत निम्म्याखाली आली.

याचा परिणाम दोन घरांत बघू. १९८८ मध्ये नॉर्डलिंगर नावाच्या बाईंनी लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स भागात १,७०,००० डॉलरला एक साधं घर घेतलं. त्यांना पट्टी आली १,७०१ डॉलर. एका चौकापलीकडे तेवढंच घर, उलट अंगण जरा मोठं, जुना मालक. त्याची पट्टी ३५८ डॉलर. रस्ता तोच, दिवाबत्ती तीच, कचऱ्याची गाडी तीच. बाई सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये न्यायालय म्हणालं, असा फरक करायला राज्य मोकळं आहे. आपल्याकडे पागडीच्या घरात राहणारा आणि त्याच मजल्यावर नव्याने भाड्याने आलेला यांची तुलना करून बघा, म्हणजे त्या गल्लीतलं वातावरण कळेल. ज्यांना फायदा मिळाला ते मतदार होते. ज्यांना पुढे जास्त भरावं लागणार होतं, त्यांतली कितीतरी माणसं तेव्हा शाळेत होती.

आता तो सुटलेला रकाना.

२०२४ च्या शरद ऋतूत मी मुलीकडे कॅलिफोर्नियात होतो. किराणा दुकानाच्या दारात एक तरुण घडीचं टेबल टाकून उभा असायचा. टेबलावर चार-पाच पॅड, प्रत्येकाला दोरीने पेन बांधलेलं. मला म्हणाला, सर, एक सही. मी म्हटलं, मी इथला नागरिक नाही. त्याचा चेहरा उतरला नाही, तो सरळ पुढच्या माणसाकडे वळला. दोन दिवसांनी पुन्हा गाठ पडली तेव्हा विचारलं, यातल्या कुठल्या प्रस्तावाला तुमचा पाठिंबा? तो हसून म्हणाला, ज्याचे सहीमागे जास्त पैसे मिळतात त्याला. मनमोकळा मुलगा होता, मला आवडला.

कॅलिफोर्नियात साधा कायदा मतपत्रिकेवर न्यायला सध्या ५,४६,६५१ वैध सह्या लागतात, १८० दिवसांत. स्वयंसेवकांच्या जिवावर हे करून बघा. कोलोरॅडो राज्याने पगारी सह्या गोळा करणं गुन्हा ठरवलं होतं. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उडवला, कारण सही मागणं हे राजकीय भाषण आहे म्हणे. तेव्हापासून ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्याकडे सह्या आहेत. २०२० मध्ये अ‍ॅपवरच्या टॅक्सी आणि घरपोच जेवणवाल्या कंपन्यांनी आपले चालक ‘कर्मचारी’ ठरू नयेत म्हणून प्रस्ताव २२ आणला. २० कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि जिंकल्या. वर अशी पाचर मारून ठेवली की विधिमंडळाला त्यात बदल करायचा तर आठातल्या सात आमदारांची संमती हवी. रेल्वेला आमदार विकत घ्यावे लागत. यांनी आमदारांना मधून काढूनच टाकलं!

पण मतदार दुधखुळे असतात असं समजू नका. डायलिसिस केंद्रांवर निर्बंध घालायचा प्रस्ताव कामगार संघटनेने २०१८, २०२०, २०२२ असा तीनदा आणला. किडनीच्या यंत्राबद्दल कोट्यवधी लोकांनी मत द्यायचं, हे मला तरी चमत्कारिक वाटतं. त्यांनाही वाटलं असावं. तिन्ही वेळा पाडला. मुलीच्या घरी निवडणुकीआधी सरकारी पुस्तिका आली होती. दहा प्रस्ताव, प्रत्येकाची बाजू, विरोध, तिजोरीवरचा बोजा, शेवटी बारीक टायपात कायद्याचा मजकूर. जावयाने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडी ठेवली होती आणि चहा होईस्तोवर एकेक प्रस्ताव मोठ्याने वाचायचा. घरात वादावादी व्हायची. विधानसभेच्या निवडणुकीत आपल्या घरी मी धोरणावर असा वाद कधी ऐकलेला नाही, उमेदवाराच्या जातीवर पुष्कळ ऐकलाय.

आणि आमदारांचं काय? ते गप्प बसत नाहीत. ज्या साउथ डकोटाने १८९८ मध्ये ही वाट पहिल्यांदा पाडली, तिथल्या मतदारांनी २०१६ मध्ये लाचलुचपतीविरुद्ध कायदा केला. काही महिन्यांत विधिमंडळाने आणीबाणीचं कलम लावून तो रद्द केला. आणीबाणी अशासाठी, की त्यावर सार्वमत मागता येऊ नये. मिसिसिपीत सह्या पाच लोकसभा मतदारसंघांतून सारख्या आणाव्यात असा घटनेचा नियम. शतकाच्या सुरुवातीच्या फेररचनेत मतदारसंघ उरले चार. पाचातून सह्या आणणार कुठून? २०२१ मध्ये न्यायालयाने लोकांनी मंजूर केलेला प्रस्ताव तर उडवलाच, ती सोयच बंद पडली. नियम दुरुस्त करायचा तो विधिमंडळाने, आणि विधिमंडळाला कसली घाई!

ओहायोत आमदारांनी ऑगस्ट २०२३ मध्ये लोकांपुढेच प्रश्न ठेवला: यापुढे घटनादुरुस्तीला साध्या बहुमताऐवजी ६० टक्के मतं लागावीत का? नोव्हेंबरमध्ये गर्भपाताच्या हक्काचा लोकप्रस्ताव येणार होता, म्हणून भर उन्हाळ्यात ही लगबग. लोकांनी ५७ टक्क्यांनी नाही म्हटलं. तीन महिन्यांनी गर्भपाताचा प्रस्ताव आला. त्याला मतं मिळाली ५७ टक्क्यांच्या आसपासच, आणि तो मंजूर झाला.