दोन पहिल्या संक्रांती

(दृश्य: धुऱ्यावरची बोरीची झाडं. कपाशीत वाकलेल्या बाया, कमरेला ओटी.)

पौषातली थंडी. हिंगणघाटच्या बाजूच्या या गावात कपाशीची शेवटची वेचणी सुरू आहे, तूर सोंगून झाली आहे आणि हरभऱ्याला घाटे धरलेत. दिवस सगळा वावरात जातो. म्हणून या घरातलं दागिन्यांचं काम रात्रीचं जेवण झाल्यावरच सुरू होतं. चुलीतला इस्तव शेगडीत ओढायचा, छपरीत पोतं अंथरायचं आणि परात चढवायची.

संक्रांत जवळ आली आहे आणि घरात यंदा दोन पहिल्या संक्रांती आहेत: एक धाकट्या सुनेची, दुसरी लेकीच्या पोराची. दोघांनाही हलव्याचे दागिने घालायचे. तालुक्याच्या बाजारात ते तयार मिळतात, डब्यात बसवलेले, चकचकीत. आजीला ते चालत नाहीत. या घरात दागिना घरचाच लागतो, कारण तो ज्याच्या अंगावर चढणार आहे, त्याच्या मापानं आणि त्याच्याच नावानं तो केलेला असतो.

(दृश्य: परातीत तीळ. पळीतून पाकाचा थेंब.)

आधी साखरेचा पाक. उकळी आली की त्यात चमचाभर दूध टाकतात, मळी वर येते, ती काढून टाकायची. पाक पांढराशुभ्र हवा, कारण सगळी शोभा त्या पांढऱ्या रंगावर आहे. परातीत तीळ, साबुदाणा किंवा खसखस घ्यायची, खाली आच अगदी मंद. त्यावर चमचा-अर्धा चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा थोडा. पुन्हा फिरवायचं.

आजी हात न थांबवता सांगते, "घाई केली तं दाणा गुळगुळीत ऱ्हाते. काटा काही येत नाई. बोट भाजते थोडं, पण बोटाबिगर समजतच नाई ना दाण्याले काय पाहिजे ते."

पाकातलं पाणी उडून जातं आणि साखर दाण्यावर थरावर थर बसत जाते. जिथं जरासा उंचवटा आला, तिथं पुढचा पाक आधी चिकटतो, आणि त्याच जागी टोक वाढतं. पाक एकदम ओतला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळा होतो. हवा दमट असली तरी काम बिघडतं. हलव्याला कोरडी, थंड हवा मानवते, आणि विदर्भात ती भरपूर असते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा दिवसांत शेगडीजवळ बसायला घरातलं कोणीच नाही म्हणत नाही. पोरं अभ्यासाची वह्या-पुस्तकं घेऊन तिथंच येतात आणि हळूच दाणे उचलतात. आजी पाहते, बोलत नाही.

दाण्याला पुरेसा काटा यायला एक रात्र पुरत नाही. उरलेलं काम दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या.

(दृश्य: दोऱ्यात दाणा बांधणारी बोटं, अगदी जवळून.)

हलव्याला भोक पाडता येत नाही, दाणा फुटतो. म्हणून तो ओवत नाहीत, बांधतात. दोन पदरी दोरा, मध्ये दाणा, गाठ. पुढचा दाणा, पुढची गाठ. गाठ सैल पडली तर दाणा निसटतो आणि जास्त आवळली तर काटा मोडतो. हे काम नातीकडे आहे, तिची बोटं बारीक म्हणून.

सुनेच्या बांगड्यांचं माप सासूनं तिच्याच जुन्या बांगडीवरून घेतलं. पुठ्ठ्याची गोल पट्टी, त्यावर जरीचा कागद, कागदावर दाण्यांच्या सरी. मग मंगळसूत्र, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, बिंदी. नथीलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण ती हलकी हवी. नाकाला टोचणारी नथ घालून सून हसणार कशी? जावयासाठी हार आणि हलवा लावलेला नारळ. बाळाचं माप मात्र फोनवरून आलं. लेकीनं पोराच्या डोक्याभोवती दोरा धरला, तो पट्टीवर मोजला आणि आकडा कळवला. त्या मापाचा मुकुट झाला, शिवाय हातातल्या मनगट्या आणि एक बासरी.

बाळाचे दागिने मऊ कापडावर शिवतात. काटे कातडीला लागू नयेत, ही काळजी बाजारच्या जोडात क्वचितच घेतलेली दिसते, आणि मला वाटतं, घरी दागिने करण्याचं खरं कारण तिथंच आहे.

(दृश्य: संक्रांतीची दुपार. काळी साडी, काळं झबलं.)

काळ्या कपड्यावर पांढरा हलवा उठून दिसतो. सून पाटावर बसते. आजी स्वतःच्या हातानं तिला एकेक दागिना घालते आणि ओटी भरते.

मग लूट. बाकी महाराष्ट्रात ज्याला बोरन्हाण म्हणतात, ते इथं लुटीच्या नावानं चालतं. बाळाला पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, मुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, रेवड्या ओततात. बोरं धुऱ्यावरची, घाटे वावरातले. गल्लीतली पोट्टी आधीच दबा धरून बसलेली असतात. एकच झुंबड. बाळ आधी दचकतं, मग मुकुटाला हात घालतं आणि हाताशी आलेला दाणा थेट तोंडात टाकतं. लेक तो काढायला धावते. आजी म्हणते, "खाऊ दे वं! त्याच्यासाठीच तं केला."

दागिने टिकत नाहीत. मुंग्या लागतात, पावसाळ्यात पाझरतात. म्हणून दोन-चार दिवसांत ते सोडवतात, दाणे तिळगुळात मिसळतात आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायांच्या हातावर देतात. हे रथसप्तमीपर्यंत चालणार. पुढच्या आळीत एका सुनेची पहिली संक्रांत आहे आणि तिच्या घरी यंदा करणारं कोणी नाही. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तीही सजावी म्हणून आजीनं तिच्या मनगटाचं माप मागवलं आहे. परात पुन्हा शेगडीवर चढली आहे.