ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत तुरीची डाळ

राम राम मंडळी. दरवेळी इथं बसून मी पराटी म्हणजे कपाशी नाहीतर सोयाबीनवर बोलतो, आज जरा शहरावर बोलतो, आणि ते शहर नागपूर नाही, अमरावतीही नाही, ते आहे पिंपरी-चिंचवड. आपल्याकडचे किती पोट्टे तिकडं गेले ते मोजायचं असेल ना, तर दिवाळीनंतर पाच-सहा दिवसांनी दिग्रसला पुण्याची ट्रॅव्हल्स लागते तिथं जाऊन उभं राहा. डिक्कीत बॅगा कमी अन् पोती जास्त. तुरीची डाळ, ज्वारीचं पीठ, तिखट, कुणाच्या मायनं लाडवाचा डबा ओढणीत बांधून दिलेला. त्या आठवड्यात भाडं दुप्पट-तिप्पट, तरी गाडी फुल्ल.

लोक म्हणतात पैशासाठी गेले. बरोबर आहे, पण ते अर्धंच.

माझा पुतण्या आयटीआय केलेला, फिटर. तरी शेतीच पाहायचा. २०१७ ला बोंडअळी आली ते तुम्हाला आठवत असेल, वरून बोंड चांगलं अन् फोडलं की आत गुलाबी अळी, वेचाईची मजुरी निघंना. त्याच्या बापानं, म्हणजे आमच्या दादानं, उभ्या पराटीत रोटावेटर घातला. पोरगं दोन दिवस काहीच बोललं नाही, तिसऱ्या दिवशी बॅग भरली. मी म्हटलं, "काऊन रे, एका वर्षानं घाबरला का?" तर म्हणे, "काका, इथं एकदा चुकलं की वर्ष जाते. तिकडं चुकलं तर महिना जाईन." मला तेव्हा ते उद्धट वाटलं होतं, खरं सांगतो.

मग मी पाहायला गेलो. तिकडं पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत एक खोली, दहा बाय बाराची असेल, पोट्टे सहा अन् गाद्या तीन. तिघं रात्रपाळीला गेले की दुसरे तिघं झोपतात, गादी काही थंड होत नाही बाप्पा. भिंतीला खिळे ठोकलेले, प्रत्येकाचं आयकार्ड आपापल्या खिळ्याला. सहाच्या सहा जण आपल्या दोन तालुक्यांतले. पहिला जो आला होता त्यानं दुसऱ्याला बोलावलं, त्यानं तिसऱ्याला. नवीन आलेल्यानं पहिला पगार होईपर्यंत भाड्याचं तोंड काढायचं नाही असा तिथला नियम.

पुतण्याची पहिली कंपनी ठेकेदारामार्फत होती, सात महिने झाले की ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. मी फोनवर घाबरलो, हा मात्र निवांत. दुसऱ्या दिवशी सकाळी बायोडाटा घेऊन भोसरीत पायी निघाला, या गेटवर विचार, त्या गेटवर विचार, अन् चौथ्या दिवशी पत्रा दाबून पार्ट काढणाऱ्या एका प्रेसच्या शॉपमध्ये लागला. आता असं आपल्या नागपूरजवळच्या बुटीबोरीला का होत नाही? कंपन्या तिथंही आहेत. पण तिकडं एका मोठ्या गाडीच्या कारखान्याला पार्ट पुरवणारे लहान शॉप गल्लोगल्ली आहेत, कुणी डाय बनवतो, कुणी कोटिंग करतो, कुणी नुसता एक ब्रॅकेट वाकवतो दिवसभर. एकानं काढलं तर शेजारी शटर उघडंच असते.

हे काही एका दिवसात झालं नाही. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी पेनिसिलिनचा कारखाना आला, १९६२ ला एमआयडीसी झाली, त्याच सुमारास आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, म्हणजे आताची टाटा मोटर्स. माणसं येत गेली तशी १९७० ला नगरपालिका, १९८२ ला महानगरपालिका. २००१ ला तिथं दहा लाखांच्या आसपास लोक होते, २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांच्या वर. दहा वर्षांत सात लाख! आपल्या तालुक्यातली समदी गावं रिकामी केली तरी तेवढी माणसं भरत नाहीत. आता तर २०२२ पासून मेट्रोही धावते, पण पुतण्या म्हणतो मी तीनदाच बसलो, शॉपला जायला सायकलच बरी.

सगळं गोड आहे असं नाही. २०१९ पासून नळाला एकदिवसाआड पाणी, म्हणून खोलीच्या दारात निळे ड्रम. ट्रॅफिक तर विचारू नका. आणि शेजारच्या खोलीत कोण राहते हे दोन वर्षांत कळलं नाही म्हणतो, इथं तर कुणाच्या घरी भाजी कोणती शिजली ते वासानं कळते.

पण एक गोष्ट अशी झाली की दादाचं तोंडच बंद झालं. इथं पाच एकर वावर असून पोराला पोरगी मिळत नव्हती, तीन ठिकाणी पाहणं झालं, तिन्हीकडून निरोप एकच, "शेतीवाला नको." तिकडं परमनंट झाला, महिन्याच्या महिन्याला पगाराची पावती यायला लागली, तर त्यातल्याच एका घरचा फोन आला! पोरगा तोच, नाक तेच, जमीनही तेवढीच. बँकही तशीच, आमच्या सातबाऱ्याला दहा हेलपाटे अन् त्याच्या पावतीला अर्ध्या तासात चहा. आता मोशीकडं वन बीएचके पाहून रायला म्हणे.

परवा शेजारचं पोट्टं आलं, नुकताच आयटीआयचा निकाल लागलेला. म्हणे, "काका, दादाचा नंबर द्या." मी चष्मा शोधून पुतण्याचा नंबर लिहून दिला. त्याची माय फाटकाजवळ उभी होती, तिनं काही माझ्याकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं तिच्याच अंगणातून जात्याचा आवाज यायला लागला, तुरी भरडायला काढल्या होत्या तिनं.

बरं, येतो मंडळी. राम राम.