सिद्धगडचे भाई कोतवाल

आषाढ लागला की कर्जत-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत कणग्या रिकाम्या व्हायच्या. लावणी तोंडावर आलेली आणि घरात शिजवायला दाणा नाही. मग सावकाराकडून दिढीनं भात आणायचं. मणभर घेतलं की सुगीला दीड मण मोजून द्यायचं. खळ्यावरचं भात खळ्यावरूनच सावकाराच्या घरी जायचं.

भाई कोतवालांची लढाई सुरू झाली ती इथून.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात. शिकून वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण जीव गुंतला तो डोंगराखालच्या शेतकऱ्यांत, ठाकर-कातकऱ्यांत. त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या आणि धान्यकोठ्या उभ्या केल्या. अडल्या वेळी भात आता कोठीतून मिळू लागलं. सावकार चिडले. माणसं मात्र भाईंची झाली, कायमची.

ऑगस्ट १९४२. ‘चले जाव’ची हाक आली. वॉरंट निघालं आणि भाई भूमिगत झाले. त्यांनी आझाद दस्ता ही क्रांतिकारकांची तुकडी उभारली. भिवपुरीच्या वीजघरातून मुंबईकडे जाणाऱ्या तारा याच मुलखातून जात होत्या. त्या विजेवर मुंबईचे कारखाने चालत, आणि महायुद्ध ऐन भरात होतं. दस्त्यानं नेमके तारांचे मनोरेच पाडायला सुरुवात केली. सप्टेंबर ते नोव्हेंबर, एकामागून एक. सरकारनं भाईंना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं.

मूठभर माणसं इतके महिने रानात तगली कशी, असा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याचं उत्तर त्या धान्यकोठ्यांत आहे. ज्यांच्या चुली भाईंनी पेटत्या ठेवल्या, त्यांनी दस्त्याला भाकरी पोचवली आणि आसरा दिला.

शेवटी ठावठिकाणा फुटलाच. २ जानेवारी १९४३, सिद्धगडच्या रानातली पहाट. पोलीस अधिकारी हॉलच्या तुकडीनं दस्त्याला गाठलं. गोळीबार झाला. मानिवलीचे हिराजी गोमाजी पाटील आणि भाई कोतवाल, दोघांनाही तिथंच वीरमरण आलं. भाईंना तिशी पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

आजही दर २ जानेवारीला पहाटेच्या अंधारात कर्जत-मुरबाडची माणसं सिद्धगडच्या स्मारकापाशी जमतात. भाईंचं नाव घेतात, हिराजींचंही घेतात.